कानाने जुळवायचे शब्द: लहान मुलांना यमक ओळखायला आणि करायला कसे शिकवावे

मोठ्या शिशूच्या किंवा पहिलीच्या सरावपुस्तिकेत 'यमक जुळणाऱ्या शब्दांच्या जोड्या लावा' असा प्रश्न हमखास असतो. डावीकडे काही शब्द, उजवीकडे काही शब्द आणि मधल्या मोकळ्या जागेत मुलाने ओढायच्या रेघा, असे त्याचे ठरलेले रूप. घरी किंवा वर्गात आपण स्वतः अशी यादी करायला बसलो, की 'घर' आणि 'दार' यांच्यासारखी जोडी नकळत लिहिली जाते. हे दोन शब्द बोलण्यात कायम शेजारी येतात, दोघांच्याही शेवटी 'र' आहे, तरी त्यांचे यमक जुळत नाही. 'घर'शी जुळतात ते कर, भर, वर, सर. 'दार'शी जुळतात ते चार, गार, फार, तार. शेवटचे अक्षर सारखे असले की यमक झाले, हा समज मोठ्यांमध्ये पक्का बसलेला आहे, कारण आपण लिहायला-वाचायला शिकलेलो असल्यामुळे शब्द आधी डोळ्यांपुढे उभा राहतो आणि मग कानावर पडतो. तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ अक्षरे नसतातच. त्याच्याजवळ असतो तो फक्त आवाज. म्हणून हा विषय निदान पहिले काही महिने कागद-पेन्सिल पूर्ण बाजूला ठेवून, केवळ बोलून आणि ऐकून शिकवावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी मोठ्यांनी कान तयार करावा

मुलाला नियम सांगायचा नसतो, पण शिकवणाऱ्याला तो माहीत हवा. मराठीत दोन शब्दांचे यमक जुळते का, हे पाहताना शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीच्या अक्षरातला स्वर या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. कान, पान, रान, छान यांत शेवटचा 'न' सारखा आहे आणि आधीचा 'आ'ही सारखा आहे. शाळा, माळा, काळा, हिवाळा यांत 'ळा' आणि त्याआधीचा 'आ' जुळतो. दही, वही, सही यांचेही तसेच. याउलट 'पोळी' आणि 'डाळी' यांत फक्त 'ळी' सारखी आहे; एकात तिच्या आधी 'ओ' आहे, दुसऱ्यात 'आ'. अशी जोडी कवितेत कोणी खपवून नेईलही, पण शिकवण्यासाठी घेऊ नये.

पुणेकरांना यासाठी एक उत्तम उदाहरण आपल्या नद्यांच्या नावांतच मिळते. मुळा आणि मुठा ही जोडी इतक्या सहजपणे एका दमात उच्चारली जाते, की ती जुळलेली आहे असेच वाटते. दोन्ही शब्दांचा आरंभ सारखा, स्वरही सारखे. पण एकात 'ळा' आहे आणि दुसऱ्यात 'ठा'. 'मुळा'शी जुळतील ते खुळा आणि जुळा. 'मुठा'शी जुळेल तो उठा. हा फरक आपल्या कानाला चटकन जाणवू लागला, की आपण शिकवायला तयार झालो असे समजावे.

आणखी एक बारकावा लिहिताना दिसतच नाही. 'राजा' आणि 'ताजा' हे शब्द कागदावर बिनचूक जुळतात. मोठ्याने म्हणून पाहिले की दोन्ही 'ज' वेगळे वाजतात. मात्र 'ताजी' म्हटले की तो 'ज' 'आजी' आणि 'भाजी'मधल्या 'ज'सारखाच होतो आणि तिघांचे यमक निर्मळ जुळते. तेव्हा शब्दांची यादी करून झाल्यावर ती एकदा डोळे मिटून मोठ्याने म्हणावी, जे शब्द कानाला खटकतील ते काढून टाकावेत आणि मगच मुलासमोर बसावे.

ल आणि ळ, न आणि ण, ट आणि ठ या जोड्यांच्या बाबतीत कितपत कडक राहावे, हा प्रश्न नेहमी येतो. पावसाला पैसा देऊ करणाऱ्या आपल्या जुन्या बडबडगीतात 'खोटा' आणि 'मोठा' खुशाल जुळवलेले आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाचे काही बिघडलेले नाही. माझा शिरस्ता असा आहे की आपण देतो ती उदाहरणे काटेकोर असावीत, परंतु मुलाने 'फूल'ला 'धूळ' जुळवली तर ती आनंदाने घ्यावी, कारण त्याला मधला ऊकार ऐकू आला आहे आणि तेच अवघड काम आहे. बोलीचाही विचार करावा लागतो. ज्या घरात 'पाणी'ला पानी आणि 'कोण'ला कोन म्हणतात, त्या घरच्या मुलाला 'कोण' आणि 'दोन' जुळलेलेच ऐकू येतात, आणि त्याच्या बोलीच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. यमकाच्या खेळात उच्चार सुधारण्याचा कार्यक्रम घुसवला, तर ते मूल बोलायचेच बंद होते.

हे करायचे कशासाठी

शब्द म्हणजे नुसता अर्थ नाही, त्याला आवाजही आहे आणि त्या आवाजाचे तुकडे पाडता येतात, हे मुलाला उमगण्याची सर्वांत सोपी वाट यमकातून जाते. इंग्लंडमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी 1983 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. चार-पाच वर्षांच्या मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतला आवाजाने वेगळा पडणारा शब्द ओळखायला सांगितले, तर ते काम ज्यांना चांगले जमले ती मुले पुढे वाचन आणि शुद्धलेखन यांतही सरस ठरली. त्याच अभ्यासात काही मुलांना दोन वर्षे आवाजांच्या जोड्या लावण्याचे शिक्षण दिले होते. त्यांतही ज्यांना सोबत प्लॅस्टिकची अक्षरे हाताळायला दिली, त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. हा अभ्यास इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा आहे आणि आपली लिपी वेगळ्या घडणीची आहे, हे विसरू नये. तरीही त्यातून घेण्याजोगा धडा हा, की आधी कान तयार करावा आणि योग्य वेळी अक्षरांशी त्याची गाठ घालून द्यावी. नुसत्या यमकाने वाचन येत नाही.

शब्दांचा साठा घरातच आहे

चित्रांचे तयार संच विकत आणण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकवावे. पोळीला टोळी, झोळी, गोळी, होळी, मोळी असे शब्द लगेच जुळतात. डाळीला सरळ जुळणारा शब्द सुचला नाही तर 'डाळ' घ्यावी, म्हणजे टाळ, माळ, बाळ, जाळ हाताशी येतात. वरणाला धरण आहे, आणि खडकवासल्याचे धरण पाहून आलेल्या मुलाला तो शब्द समजावूनही सांगावा लागत नाही. भेंडीला शेंडी, ताटाला पाट आणि वाट, चाकूला काकू. एक ते दहा हे आकडे तर फारच उपयोगी पडतात, कारण प्रत्येकाला जोडीदार मिळतो: एकला केक, दोनला फोन, तीनला बीन, चारला गार, पाचला नाच, सहाला चहा, सातला हात, आठला गाठ, नऊला मऊ आणि दहाला पुन्हा चहा.

मराठीने आपल्यासाठी आणखी एक मोठी सोय करून ठेवली आहे, तिकडे मात्र बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. उरलंसुरलं, बारीकसारीक, सटरफटर, अवतीभवती, शेजारीपाजारी, गोडधोड, ऐसपैस, किडूकमिडूक, झटपट, अघळपघळ असे कितीतरी जोडशब्द आपण दिवसभर वापरतो, आणि त्यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक तयार यमक आहे. मुलाशी बोलताना असा शब्द आला की तो जरा सावकाश, दोन भाग वेगळे करून म्हणावा: 'उरलं... सुरलं सगळं डब्यात भर बरं.' म्हणींमध्येही हा खजिना आहे. 'आधी पोटोबा, मग विठोबा' किंवा 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' या म्हणी मुलांना अर्थ पुरता कळण्याच्या कितीतरी आधी पाठ होतात.

गावाची नावेही कामी येतात, पण निवडून घ्यावीत. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, म्हणून सोमवार, बुधवार, शनिवार अशी माळ लावण्याचा मोह होतो. त्यात 'वार' हा अख्खा शब्दच पुन्हा पुन्हा येतो. शेवट सारखा असतो म्हणजे काय, हे अगदी सुरुवातीला दाखवायला ती माळ ठीक आहे, त्यापुढे तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो बरी. कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी आणि मग खडकी अशी स्थानके एकामागून एक लागतात. पहिल्या दोघांत 'वाडी' तीच आहे. पुढच्या दोघांचे यमक छान जुळते. आणि खडकी आली की जुळणी तुटते. स्थानकाचे नाव पुकारले गेल्यावर 'हे मागच्यासारखं वाजलं का?' एवढाच प्रश्न विचारला, तरी तेवढा प्रवास सत्कारणी लागतो.

पहिली पायरी: नुसते ऐकणे

साधारण तिसऱ्या वर्षापासून सुरुवात करता येते. या टप्प्यावर मुलाकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये. दिवसातून पाच-सात मिनिटे, आंघोळीच्या वेळी किंवा झोपण्यापूर्वी, बडबडगीते आणि दोन-दोन ओळींची कडवी म्हणावीत, आणि तीच ती म्हणावीत. रोज नवे गाणे आणण्याची हौस मोठ्यांना असते. मुलाला जुनेच हवे असते, आणि शिकण्याच्या दृष्टीने त्याचीच निवड बरोबर आहे. कडवे ओळखीचे झाले की शेवटच्या शब्दाआधी थांबावे आणि मुलाच्या तोंडाकडे पाहावे. अशी कडवी आपली आपण रचता येतात, त्यासाठी कवी असण्याची गरज नाही:

मंडईत गेली माझी आजी,
घेऊन आली ताजी... 

उन्हाने तापला वरचा माळा,
कधी गं येणार पाव... 

मांडीत बसली मनीमाऊ,
म्हणते मलाही दे ना... 

मूल 'भाजी', 'साळा' आणि 'खाऊ' भरते, तेव्हा ते निम्मे अर्थावरून आणि निम्मे आवाजावरून भरत असते. सध्या तेवढे पुरे. ओळीतला जुळणारा शब्द किंचित लांबवून, जोर देऊन म्हणावा, आणि शक्यतो मोबाइलवरच्या गाण्यापेक्षा माणसाच्या तोंडून ऐकवावा, कारण व्हिडिओ थांबून वाट पाहत नाही. लिहिण्याची 'मोठे, छोटे, खोटे' ही रूपे येथे वापरू नयेत. घरात ज्या तऱ्हेने 'मोठं, छोटं' म्हणतात, तसेच म्हणावे.

दुसरी पायरी: जुळते की नाही

मुलाला चार वर्षे होत आली, की दोन शब्द म्हणून 'हे शेवटी सारखं वाजतं का?' असे विचारायला हरकत नाही. जुळले तर टाळी, नाही जुळले तर हात पाठीमागे, असे ठरवले की मुलाला बोलून उत्तर द्यावे लागत नाही आणि बुजरे मूलही खेळात येते. सुरुवातीच्या जोड्या ढळढळीत असाव्यात: कान आणि पान जुळतात, कान आणि पोळी जुळत नाहीत. हे सहज होऊ लागल्यावरच कान आणि काच यांच्यासारखी, आरंभ सारखा आणि शेवट वेगळा असलेली जोडी द्यावी.

या टप्प्यावर जे चुकते ते तीन ठरावीक प्रकारांनी चुकते, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार अर्थाचा. समजा, बालवाडीच्या सतरंजीवर ताईंनी वाटी, पाटी आणि चमचा अशा तीन वस्तू मांडल्या आहेत आणि विचारले, 'वाटीसारखं कोण वाजतं?' मूल क्षणाचाही विलंब न लावता चमचा उचलते. त्याचे उत्तर चूक म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. रोजच्या ताटात वाटीबरोबर चमचाच असतो. अशा वेळी ताईंनी म्हणावे, 'हो रे, जेवताना वाटीला चमचा लागतोच. पण आत्ता आपण जेवत नाही, ऐकतोय. डोळे मिट बघू. वाऽऽटी... चमचा. वाऽऽटी... पाऽऽटी.' डोळे मिटल्याने वस्तू नाहीशा होतात आणि उरतो तो आवाज. 'आटी' हा भाग ताणून म्हटला की बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर उत्तर उमटते. ते उमटले नाही तर आपण सांगून टाकावे आणि पुढची जोडी घ्यावी. एकाच जोडीवर अडून बसणे हा या खेळाचा घात आहे.

दुसरा प्रकार आरंभाचा: पोळीला 'पोपट' असे उत्तर येते. या मुलाला आवाज ऐकू येतो आहे, फक्त ते शब्दाचे दुसरे टोक धरून बसले आहे. त्याला शाबासकी देऊन 'तू सुरुवात ऐकलीस, आता शेपटी ऐक' असे सांगितले की बहुधा भागते. तिसऱ्या प्रकारात मूल केवळ शेवटचा स्वर पकडते आणि पोळीला 'वाटी' म्हणते. ही चूक नसून अर्धी पायरी आहे. तिच्यावर टीका न करता आपण फक्त 'हो, आणि पोळी-टोळी अजूनच सारखं वाजतं, नाही का?' असे म्हणून पुढे जावे.

चित्रे वापरायची झाल्यास खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येक चित्राचे नाव मुलाकडून म्हणवून घ्यावे. आपण 'माठ' म्हणून काढलेल्या चित्राला मूल 'मटका' म्हणत असेल, तर ते चित्र गाठीशी जुळवण्याची आपली अपेक्षा मुळातच फोल ठरते.

दोन शब्दांचा खेळ रुळल्यावर तीन शब्द घ्यावेत आणि त्यांतला वेगळा शोधायला सांगावा: हात, भात, पोळी. तीन शब्द लक्षात ठेवून त्यांची तुलना करणे हे आपल्याला वाटते त्यापेक्षा मुलाला जड असते, म्हणून सुरुवातीला वस्तू किंवा चित्रे समोर असावीत. हात, भात, पान अशी जवळची त्रयी त्यानंतर, आणि केवळ ऐकून शोधणे सर्वांत शेवटी.

यमक करायला शिकणे

ओळखणे आणि करणे यांत मोठे अंतर आहे. जुळणाऱ्या जोडीला अचूक टाळी वाजवणारे मूल 'आता पोळीसारखं वाजणारा शब्द तू सांग' म्हटल्यावर गप्प बसते, आणि पालक गोंधळतात. यात गोंधळण्यासारखे काही नाही. ऐकलेल्या दोन शब्दांची तुलना करणे वेगळे आणि मनातल्या शब्दांच्या गर्दीतून आवाजाच्या खुणेवर एक शब्द शोधून काढणे वेगळे. पाचव्या वर्षाच्या आसपास पुष्कळ मुलांना ते जमू लागते. काहींना बराच उशीर लागतो.

येथे आपल्या बोलण्यातली एक लकब फार उपयोगी पडते. चहाबिहा, शाळाबिळा, पोळीबिळी असे आपण सर्रास म्हणतो आणि मुलेही म्हणतात. हे काटेकोर यमक नाही, कारण पहिला स्वरही बदलतो. परंतु शब्दाचे डोके उडवून त्या जागी दुसरे बसवायचे, ही क्रिया मुलाला आयती येत असते. तिचाच धागा पुढे न्यावा. 'पोळीबिळी म्हणतोस ना? आता बिळीच्या जागी बोळी म्हण. पोळी-बोळी. आता गोळी. आता?' असे म्हणत गेले की मूल आपोआप 'टोळी', 'झोळी' आणि कदाचित 'धोळी'ही म्हणते. 'धोळी' असा शब्द नाही, आणि तो नसला तरी चालेल. आवाज अचूक बदलला आहे, शेवट शाबूत आहे, म्हणजे काम झाले. अर्थ नसलेला शब्द खोडून काढणारे मोठे माणूस मुलाला पुन्हा अर्थाच्या मागे पळायला लावते. 'धोळी म्हणजे काय असेल रे?' असे विचारावे. उत्तर बहुधा मासलेवाईक येते, आणि खरे-खोटे शब्द वेगळे करण्याचा खेळ नंतर स्वतंत्रपणे खेळता येतो.

मुलाला वर्णमाला तोंडपाठ असेल तर क, ख, ग, घ या क्रमाने एकेक आवाज 'आन'ला लावून पाहावा: कान, खान, गान, घान... आणि खराखुरा शब्द आला की थांबून टाळी वाजवावी. हा खेळ मोठ्या शिशूतल्या मुलांना भलताच आवडतो. लहानांना तो लांबतो आणि कंटाळवाणा होतो, म्हणून त्यांच्याकरिता तीन-चार आवाजच घ्यावेत.

क्रियापदांपासून जरा सावध राहावे. करतो, बसतो, उडतो, पळतो अशी रांग मूल सहज लावते, आणि ऐकणाऱ्याला ते यमक वाटते. प्रत्यक्षात त्याने सगळीकडे 'तो' चिकटवलेला असतो. जातो, खातो, गातो किंवा येतो, देतो, नेतो अशी खऱ्या यमकाची रांग आपण म्हणून दाखवावी आणि फरक कानावर पडू द्यावा.

अक्षर बदलण्याच्या खेळात कधी ना कधी एखादा असभ्य शब्द निघतोच. त्यावर दचकू नये आणि हसूही नये. पुढचा शब्द लगेच म्हणून गाडी चालू ठेवावी. नावांच्या यमकाबाबत मात्र मी एक नियम कडकपणे पाळायला सांगते: प्रत्येकाने फक्त स्वतःच्या नावाला यमक जुळवायचे, दुसऱ्याच्या नाही. मुलांची चिडवाचिडवी यमकातच होते आणि वर्गात एकदा चिकटलेले नाव वर्षानुवर्षे सुटत नाही.

यानंतरची मजल दोन ओळींच्या कडव्याची. पहिली ओळ आपण द्यावी, तिचा शेवट भरपूर यमके असलेल्या शब्दाने करावा, आणि दुसरी ओळ मुलाने पूर्ण करावी. 'दारात आली एक गाय' असे आपण म्हटले तर पाय, साय, काय असे शब्द त्याला दिसू लागतात. 'झाडावर बसला एक पक्षी' असे म्हणून मुलाकडे अपेक्षेने पाहणे हा मात्र अन्याय आहे; 'नक्षी' सुचायला मोठ्यांनाही वेळ लागतो.

वर्गात आणि घरात

तीस मुलांच्या वर्गात चार चुणचुणीत मुले उत्तर ओरडतात आणि उरलेली त्यांचे ऐकून टाळी वाजवतात. त्यामुळे सगळ्यांना येते असा भास होतो. उत्तर ओरडण्याऐवजी ते मुठीत लपवायचे, ताईंनी 'उघडा' म्हटल्यावर जुळले असेल तर मूठ उघडायची, नाहीतर बंदच ठेवायची, असा प्रकार केला की प्रत्येकाचे स्वतःचे उत्तर दिसते. पाच-सहा मुलांचे गट करून आळीपाळीने घेणे सर्वांत चांगले.

इंग्रजी माध्यमात जाणारी मुले दोन्ही भाषांत यमके करू शकतात आणि एका भाषेत तयार झालेला कान दुसऱ्या भाषेला उपयोगी पडतो. एका बैठकीत दोन्ही भाषा मिसळू नयेत, एवढेच पथ्य पाळावे. मुलाने स्वतःहून 'पाच'ला 'वॉच' जुळवला तर त्याचा आनंद घ्यावा आणि पुढे जावे.

अक्षरांशी गाठ घालण्याची वेळ

मुलाला सात-आठ अक्षरे ओळखता येऊ लागली आणि तोंडी यमके सहज जमू लागली, की कान आणि अक्षर यांची गाठ घालावी. 'आन'चा भाग सारखा ठेवून पाटीवर कान, पान, मान, रान एकाखाली एक लिहावे आणि मुलाला काय सारखे दिसते ते शोधू द्यावे. मराठीत आवाज आणि अक्षर बहुतेक ठिकाणी हातात हात घालून चालतात, त्यामुळे जे सारखे ऐकू आले ते सारखेच लिहिलेले सापडते. शेवटच्या 'न'मधला 'अ' लिहिताना असतो आणि बोलताना नसतो, हे मुलाला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये. वाचता वाचता ते त्याच्या अंगवळणी पडते. प्लॅस्टिकची किंवा पुठ्ठ्यावर कापलेली अक्षरे असतील तर 'का'च्या जागी 'पा' आणि 'पा'च्या जागी 'मा' असे मुलाला स्वतःच्या हाताने बदलू द्यावे. ल आणि ळ यांचा फरक शिकवायलाही हीच वेळ योग्य: एका रांगेत गाल, लाल, चाल, ढाल आणि दुसऱ्या रांगेत गाळ, माळ, चाळ, डाळ.

मुलाला यमक खरोखर कळले आहे का, हे पाहायचे असेल तर खेळात कधीही न वापरलेले शब्द घ्यावेत. हात-भात किंवा पोळी-गोळी या जोड्या पाठ झालेल्या असू शकतात. घंटा आणि तंटा, किंवा हत्ती, बत्ती आणि पाटी असे नवे शब्द ऐकवून पाहावे. काही महिने खेळूनही सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाला ढळढळीत जोडीतही काहीच फरक जाणवत नसेल, शिवाय हाक मारल्यावर ते उशिरा वळत असेल किंवा त्याला वारंवार सर्दी होऊन कान दुखत असेल, तर खेळ वाढवण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. तपासणीत काही न निघाल्यास दुसऱ्या पायरीवर परतावे आणि वाटी-पाटीपासून पुन्हा सुरुवात करावी.